आमच्या खिडकीतली छाती

मी दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म घरी आणल्या आणि बैठकीच्या खिडकीच्या काचांना चिकटवल्या. ऊन अडावं म्हणून. विचारलं कोणालाच नाही. माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा तो हाच.

आता यात मूर्खपणा कुठं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तेव्हा तो दिसला नव्हता. उलट मी स्वतःवर इतका खूष होतो की पाहुणे आले की आधी खिडकी दाखवायचो, मग बायको पाणी आणायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात महाल भागाच्या मागच्या बाजूला एका गल्लीत दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. बैठकीला एकच खिडकी, तीही पश्चिमेची. दोन पल्ले, प्रत्येकात तीन काचा. ज्यानं नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला पश्चिमेच्या खिडकीबद्दल जास्त सांगायला नको. दोन वाजले की ऊन आत शिरायचं आणि सहापर्यंत हटायचं नाही. पैसेवाल्यांकडे वाळ्याच्या ताट्या होत्या, आमच्याकडे ओलं पोतं होतं. एकाहत्तरच्या युद्धाच्या दिवसांत सगळ्यांनी काचांना काळा कागद लावला होता, तसा आम्हीही लावला होता. पण त्या उन्हानं दोन उन्हाळ्यांत त्याचा पापड केला.

मी एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे खात्याचा रेकॉर्ड सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणायचं. मी तिथं लागण्याच्या आधीपासून मागच्या खोलीत जुन्या फिल्मचे गठ्ठे वर्षवार बांधून पडले होते. फार जुने झाले की साहेबांच्या सहीनं त्यांचा लिलाव व्हायचा, कारण फिल्ममध्ये चांदी असते आणि ती काढणारे लोक असतात. त्या वर्षी एक गठ्ठा लिलावासाठी बाजूला काढून ठेवला होता. सही व्हायची होती. मी म्हटलं, सही काय, आज ना उद्या होणारच. आणि त्यातल्या वरच्या सात-आठ फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला लावल्या.

चिकटवायला डिंक पुरेना. तेव्हा शेजारी मदतीला आला. शेजारी विणकर होता, कोष्टी. त्याच्या घरात अजून खड्ड्याचा माग चालू होता आणि पहाटेपासून त्याची खटखट आमच्या भिंतीतून यायची. मागावरच्या उभ्या सुताला, ताण्याला, लावायची खळ त्याच्या बायकोच्या हातची असायची. ज्वारीच्या पिठाची, घट्ट, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलेली. तिनं मला गंजभर, म्हणजे पातेलं भरून, दिली. तो स्वतः खळ लावायची कुंची घेऊन आला, काचेवर एकसारखा हात मारून दिला आणि म्हणाला, ही खळ सुताचं लोखंड करते, तुझी काच फुटेल पण हे निघणार नाही. आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

काचेपेक्षा फिल्म मोठ्या होत्या, त्या मी कात्रीनं कडेनं कापल्या. कोणती सुलटी, कोणती उलटी, पाहिलं नाही. खिडकीत तीन छात्या, एक गुडघा, एक कंबर आणि एक कोपर बसलं. ऊन मात्र अडलं. बैठकीत निळसर अंधार झाला, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा. छातीच्या फिल्ममध्ये फुप्फुसं काळी असतात आणि हाडं पांढरी, त्यामुळे चार वाजता फरशीवर फासळ्यांचे पट्टे पडायचे. बायको म्हणाली, मी या सांगाड्यांसमोर जेवणार नाही. आठ दिवसांनी ती तिथंच जेवायला लागली. नागपूरच्या उन्हापुढे सांगाडा काय चीज आहे.

शेजारी रोज पाच वाजता माग थांबवून चहाला यायचा. भिंतीला टेकून, खिडकीसमोर, नेहमीच्या जागी. थंडावा लागला की डोळे मिटून म्हणायचा, “तुह्या घरी स्वर्ग हाय गा.”

त्या वर्षी मागावर पोट भरेनासं झालं होतं. सूत महाग, लुगडं घेणारं कोणी नाही. त्यानं एका कापडगिरणीत अर्ज केला, हात चांगला म्हणून घेतलाही. राहिली ती डॉक्टरी तपासणी. एका सोमवारी तो चहाला आला तेव्हा डोळे मिटले नाहीत. बायको आत गेल्यावर त्यानं मला हळू आवाजात जे सांगितलं ते गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. मागे त्याला टीबी झाला होता. माझ्याच दवाखान्यात, मी तिथं लागायच्या आधी, दीड वर्ष सुया आणि गोळ्या घेऊन तो सहा वर्षांपूर्वी बरा झाला. आता गिरणीच्या डॉक्टरनं छातीची नवी फिल्म काढली, तर उजवीकडे वर डाग दिसला. डॉक्टर म्हणाला, हा जुना व्रण असेल तर हरकत नाही, नवा असेल तर नोकरी विसर. जुनी फिल्म आण, दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत.

त्यानं कमरेच्या चंचीतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. सहा वर्षं जपलेली. तिच्यावर तेव्हाच्या शेवटच्या फिल्मचा नंबर आणि तारीख होती.

“तूच हाय तिथं,” तो म्हणाला, “मंग मले काहेची चिंता?”

मी चिठ्ठी हातात घेतली आणि तारीख पाहिली. लिलावाला काढलेलं वर्ष तेच होतं. तरी मी मान डोलावली. म्हटलं, उद्या आणून देतो. मनात म्हटलं, गठ्ठ्यात शंभर फिल्म असतील, त्यातल्या मी सात-आठ आणल्या. देव काही इतका रिकामा बसलेला नाही.

तो गेल्यावर मी स्टुलावर चढलो आणि चिठ्ठी घेऊन एकेक काच पाहू लागलो. डाव्या पल्ल्याची मधली काच. छाती उलटी लावली होती, गळा खाली आणि पोट वर. नंबर कोपऱ्यात होता, तोही उलटा. मान वाकडी करून, मग स्टुलावरून खाली उतरून, कमरेतून वाकून पायांच्या फटीतून पाहिला. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, हे काय चाललंय? मी तसाच वाकून राहिलो. सरळ होऊन तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

नंबर तोच होता. उजवीकडचा तो पांढरा डागही होता, रुपयाएवढा. डागातून ऊन जास्त येतं. गेले तीन आठवडे रोज पाचच्या सुमारास फरशीवर जो एक उजेडाचा ठिपका फिरायचा आणि चहा पिताना शेजाऱ्याच्या गुडघ्यावर येऊन बसायचा, तो कुठून येतो हे मला तेव्हा कळलं. तो रोज स्वतःच्या फुप्फुसाखाली बसून माझ्या घराला स्वर्ग म्हणत होता.

शहाण्या माणसानं त्याच पावली जाऊन सांगितलं असतं. दोन घरांत एक भिंत होती. मी ठरवलं, आधी फिल्म काढू, पुसून-सुकवून पाकिटात घालू, आणि द्यायला जाऊ तेव्हा म्हणू, सापडली बुवा. सांगायचं कशाला? फिल्म मिळाल्याशी कारण.

मंगळवारी संध्याकाळी मी दार लावून घेतलं आणि आधी कोपरावर प्रयोग केला. इतकी अक्कल शिल्लक होती. गरम पाण्यात फडकं भिजवून कोपरावर दाबलं. थोड्या वेळानं काळा थर दुधाच्या सायीसारखा सरकला आणि माझ्या हातावर उतरला. फडक्यावर कोपर, काचेवर कोरी फिल्म. आणि ती कोरी फिल्मसुद्धा काचेला तशीच घट्ट. खळीनं आपला शब्द पाळला होता. मग ब्लेडनं गुडघ्याचा कोपरा उचलून पाहिला, तर फिल्म चिरत गेली आणि काचेला तडा गेला.

ते कोपर कोणाचं होतं, हे मी पुढे रजिस्टरात शोधलं. एका बाईचं होतं, पत्ता कन्हानचा. तिला ते कधी लागलं का, ती चिठ्ठी घेऊन कधी आली का, मला माहीत नाही. माझ्या वेळेत तरी आली नाही. पण दवाखान्यात माझ्या खिडकीशी कोणी बाई चिठ्ठी घेऊन उभी राहिली की पुढे कित्येक वर्षं मी आधी तिचं कोपर पाहायचो.

मंगळवारी रात्री शेजाऱ्याला सांगितलं, शोधणं चालू आहे. बुधवारी सांगितलं, रेकॉर्डची खोली उघडायची किल्ली साहेबांकडे आहे. ती किल्ली माझ्या खिशात होती आणि बोलताना मी तीच कुरवाळत होतो. गुरुवारी म्हटलं, गठ्ठे वरखाली झाले आहेत. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, तू हाय ना, मिळते. आणि मला वाटायचं, यानं मला एकदा शिवी द्यावी.

बुधवारपासून तो चहाला आत येईना. ओट्यावर उभा राहूनच बोलायचा आणि बोलताना तोंडापुढे खांद्यावरचा दुपट्टा धरायचा. मला वाटलं, रागावला. बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. निदान त्या खिडकीखाली तरी बसणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी दात घासत मागच्या अंगणात उभा होतो. दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत. पलीकडे तो उकिडवा बसून एक जर्मनची थाळी आणि एक गिलास राखेनं घासत होता. घासून त्यानं ते घरातल्या भांड्यांत नेले नाहीत. वेगळ्या खुंटीवर, बाहेर, थाळीला भोक पाडून तारेनं टांगले. गंमत म्हणजे मला वाटलं माणूस बायकोला मदत करतो आहे, आणि मी तसं हसून बोललोही. तो राखेचे हात धुऊन आत गेला. माझ्या बायकोनं मला आत ओढलं.

तिला सगळं माहीत होतं. दोन्ही घरच्या बाया नळावर एकत्र असायच्या, आणि तिथं ऐकलेलं नि माझं ते खिडकीसमोरचं वाकणं तिनं जुळवलं होतं. मंगळवारपासून त्याची थाळी वेगळी झाली होती. अंथरूण मागाच्या खोलीत. दोन्ही पोरांना उमरेडला मामाकडे पाठवून दिलं होतं, शाळेला सुट्ट्या आहेत असं गल्लीत सांगून. त्याच्या बायकोनं, वहिनीनं, ते टीबीचं दीड वर्ष एकदा काढलं होतं. पुन्हा तेच आलं या भीतीनं ती रात्रभर भिंतीला कान लावून बसायची, नवरा खोकतो का ते ऐकायला. आणि तो खोकला दाबायचा, साधा सुताच्या कोंड्याचा खोकला, तोही.

“म्हणजे चार दिवस तो माणूस एकटा जेवतो आहे,” बायको म्हणाली, “आणि त्याची फिल्म आपल्या खिडकीत आहे. तुम्ही सांगता का मी सांगू?”

मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. तिनं माझ्या हातातला गिलास काढून घेतला.

मग मी गेलो. तोंडातलं दंतमंजन धुतलं की नाही तेही आठवत नाही. तो मागावर बसला होता, पाय खड्ड्यात, हात मोकळे. नीट सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच: “फिल्म माझ्या खिडकीत आहे. सोमवारपासून मला माहीत आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा धागा कुठं तुटला हे शोधताना तो ताण्याकडे पाहायचा, तसं. मग विचारलं, “कोणती काच?”

“मधली. डावीकडची. उलटी लागली आहे. निघत नाही. पाणी लावलं तर जाते.”

तो खड्ड्यातून वर आला आणि मला ओलांडून आतल्या खोलीत गेला. मी उभा राहिलो. वहिनी दाराआड होती, तिनं ऐकलं होतं; तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मला वाटलं आता तो बाहेर येणारच नाही, आणि मी आपलं घरी जावं. तेवढ्यात तो आला. हातात पेचकस होता.

माझ्या बैठकीत येऊन त्यानं खिडकी पाहिली, जवळून, हात न लावता. स्वतःची छाती माणूस अशी कितीदा पाहतो? बोटानं हवेत त्या पांढऱ्या डागाभोवती एक गोल काढला. मग बिजागरीच्या स्क्रूंवरचा रंगाचा थर खरवडायला लागला. काच काढायला गेलो तर फुटेल, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. पल्लाच उतरवायचा. मला फक्त एवढंच बोलला, “धर खालून.”

मी धरला. सकाळी साडेआठला खिडकीचं एक अंग मोकळं झालं.

पल्ला त्यानं नव्या विणलेल्या लुगड्यात गुंडाळला, विकायच्या. मी म्हटलं, चादर देतो. त्यानं ऐकल्यासारखं दिसलं नाही. सायकल-रिक्षा केली. पल्ला आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा, इकडे दीड फूट बाहेर, तिकडे दीड फूट. डोक्याला ओले दुपट्टे, बायकोनं ऊन लागू नये म्हणून दोघांच्याही खिशात एकेक कांदा टाकलेला. ऊन तापायला लागलं होतं. गांधीसागराजवळ ओळखीचा एक जण सायकलवरून जाताना ओरडला, घर बदललं का? मी हसून हात केला. शेजारी समोर पाहत होता. मला वाटलं, बोलावं काहीतरी. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं की, लिलावाची सही झालीच नव्हती, नाहीतर ती चांदीवाल्याकडे गेली असती आणि मग काहीच उरलं नसतं. म्हणजे मी त्याच्यावर उपकारच केले होते. हे मी खरोखर बोललो. रिक्षावाल्यानंसुद्धा मागे वळून पाहिलं.

गिरणीचा डॉक्टर म्हातारा, जाड चष्म्याचा. आम्ही लुगडं सोडलं. त्यानं पल्ल्याकडे पाहिलं, कडीकोयंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी फिल्म आणायला सांगितली होती,” तो म्हणाला. “तुम्ही घर उचलून आणलं.”

त्याच्या उजेडाच्या पेटीवर पल्ला बसणं शक्य नव्हतं. शेवटी आम्ही तो बाहेर व्हरांड्यात उन्हाच्या तोंडी उभा केला, खालची बाजू वर करून. मी एका बाजूनं धरला, शेजाऱ्यानं दुसऱ्या. डॉक्टर आतून नवी फिल्म घेऊन आला आणि मधल्या काचेशेजारी धरली. वरच्या काचेत गुडघा, खालच्या काचेत कोणाची तरी कंबर, मध्ये शेजारी सहा वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या बाजूला शेजारी आताचा. मी नंबर वाचून दाखवला, डॉक्टरनं चिठ्ठीशी ताडून पाहिला. खळीचे ठिपके होते, डॉक्टर चष्मा वर करून, खाली करून पाहत राहिला. बोटांनी अंतर मोजलं. हाताखालची चौकट मला भाजत होती पण मी हात बदलला नाही. एवढी एक गोष्ट त्या आठवड्यात मी बरोबर केली.

“तोच आहे,” डॉक्टर म्हणाला. “आकार तोच, जागा तीच. जुना व्रण आहे. यात काही जिवंत नाही.”

शेजाऱ्याच्या बाजूनं पल्ला एकदम जड झाला. मी पाहिलं, तो खाली बसला होता, चौकटीला धरूनच.

डॉक्टरनं कागद लिहून दिला. वर सांगितलं, ही फिल्म जपून ठेव, पुढेही लागेल. हे ‘जपून ठेव’ म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी मान खाली घातली.

परत येताना रिक्षा आधी त्याच्या दाराशी थांबली. तो उतरला, पल्ला उचलला आणि आपल्या घरात घेऊन गेला. माझी खिडकी. मी रिक्षात बसून पाहत राहिलो. मागायला तोंड नव्हतं.

सोमवारी मी साहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी सर्व्हिस बुकात शेरा मारला आणि उरलेल्या फिल्मसाठी शिपाई पाठवला. तो येऊन उजवा पल्ला घेऊन गेला. शिपाई म्हणाला, साहेब म्हणाले काढू नका, तसंच आणा. त्या उन्हाळ्यात आमच्या खिडकीला पोतं होतं. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, ते दुपारी पाच मिनिटांत वाळायचं आणि मी उठून पुन्हा भिजवायचो. बायको म्हणायची, मला नका सांगू, तुम्हीच भिजवा.

पोरं उमरेडहून आली त्या दिवशी मी आमरसाचा डबा घेऊन शेजारी गेलो. तो पहिल्या पाळीला गेला होता. पल्ला मागाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता, सुलटा, म्हणजे छाती सुलटी आणि कडी खाली. त्याच्यासमोर पोरं खेळत होती. ती तारेची थाळी खुंटीवर नव्हती. ओट्यावर घासलेल्या भांड्यांच्या चळतीत मधेच भोक पडलेली एक दिसली.

वहिनी मागासाठी खळ शिजवत होती. मी डबा ठेवला आणि जे त्याच्याशी रिक्षात बोलता आलं नव्हतं ते तिच्याशी बोललो. चुकलो म्हटलं. फिल्म आणली ही चूक, पण चार दिवस बोललो नाही ही जास्त मोठी. बरंच बोललो. डोळ्यांत पाणीही आलं असेल, चुलीचा धूर होता.

ती ढवळत राहिली. खळ घट्ट झाली तेव्हा तिनं गंज खाली उतरवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “म्या खळ खिडकीले लावाले देल्ली होती. तुमी तोंडाले लावून बसले.”